काटा मधोमध

विट्यात, कराड रोडला, वजनकाट्याच्या शेजारी
बाबालाल मुजावरचं दुकान: पत्र्याचं, रुंदीला एक जीप.
त्याच्या सगळ्या शर्टांना पोटावर भोकं,
ॲसिडनं खाल्लेली.
मी तेव्हा विटा–आटपाडी वडाप करायचो,
जागा नवाची, माणसं सोळा,
आणि डॅशबोर्डातल्या त्या गोल मीटरकडं
दोन वर्षांत एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"ह्यो काय दाखवतो?" त्यानं विचारलं.
"बॅटरी किती भरलीय ते."
तो हसला नाही. टेस्टर कानामागं खोचला.
"भरलेलं न्हाई दाखवत. चाललेलं दाखवतो.
उजवीकडं, म्हंजे बॅटरीत येतंय.
डावीकडं, म्हंजे बॅटरीतनं जातंय.
हंड्यात पाणी किती, त्याला ठावं नसतं,
त्यो नळाला कान लावून बसलाय."

हीटर दाबला: काटा डावीकडं झुकला.
इंजिन लागलं: उडी मारून उजवीकडं,
आणि मग, त्याची बिडी संपेपर्यंत,
हळूहळू मधे.
"पडला की! चार्जिंग गेलं."
"गेलं न्हाई. फिटलं.
सेल्फनं उचललेलं परत टाकून झालं.
उजवीकडंच अडून बसला तर भिऊन ऱ्हा.
पाणी उकळंल, वास सुटंल,
सगळ्याचं माझ्या शर्टागत हुईल."

व्होल्टचा मीटर त्यानं दुसऱ्याच्या ट्रकवर दाखवला.
बंद असताना साडेबारा, चालू असताना चौदा.
"ह्यो शहाणा. दोन तारा टेकवून
बाजूला बसून बघतो.
तुझा वाटंत उभा हाय, समदा करंट अंगातनं नेतो.
त्याचा नट ढिला ठेवू नगं."

भिवघाटात, रात्री साडेनऊला,
काटा डावीकडं पडला आणि परत आलाच नाही.
डायनामोचा ब्रश संपलेला, हे उद्या कळणार होतं.
मी टेप बंद केला. मग आतला दिवा. मग पंखा.
प्रत्येक बटणाला काटा केसभर सरकायचा.
शेवटी हेडलाईट.
डिझेलची गाडी, अंधारातही चालते;
बंद तेवढी करायची नाही, परत लागणार नाही.
शेवंता चंदनशिवे, नेलकरंजीच्या शाळेत खिचडी करणारी,
खिडकीतून हात काढून बॅटरी धरून बसली.
"डावीकडं चर हाय! दगड! म्हस, म्हस!"
दोन सेलची तिची बॅटरी
आम्हा सतरा जणांना घरी घेऊन गेली,
माझी नव्हे.

आणखी एकदा: सगळं बंद, किल्ली खिशात,
तरी काटा अर्धी रेघ डावीकडं.
बाबालालनं दुपारभर एकेक तार सोडवली.
सीटखालच्या खणात एक बारका बल्ब,
कधी लावलेला ते आठवेना,
एकटाच जळत होता.
"किती दिवस?"
"ते तुझं तुला म्हाईत," म्हणाला.
त्या वर्षी मी थोरल्या भावाशी बोलत नव्हतो.
हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

पुतण्याच्या नव्या गाडीत मीटर नाही.
लाल बॅटरीचं चित्र, सुरू करताना पेटतं, विझतं.
बिघडल्यावर सांगतं. बिघडत असताना नाही.
मी पुढच्या सीटवर बसतो,
आणि सवयीनं तिथंच बघतो जिथं काही नाही.

जीप भंगारात गेली तेव्हा मीटर तेवढा काढून घेतला.
खिडकीत ठेवलाय. मागं दोन नट, तार कुठलीच नाही.
काटा मधोमध.
सुनेला वाटतं, घड्याळ बंद पडलंय.
मी सांगायला जातो, मधोमध म्हणजे फिटलंय,
आणि मग पहिल्या दिवशीचं आठवतं,
बिडी विझवता विझवता तो म्हणाला होता:
"आधी गाडी चालू हाय का ऐक.
मग काटा वाच."